हाडासांध्यांचे उपचार घेण्यापूर्वी

सोलापूर हे हातांनी राबणाऱ्यांचे शहर आहे. चादरी व टॉवेल विणणारा कामगार पाळीभर यंत्रमागापुढे उभा असतो. विडी कामगार भगिनी मांडीवर सूप घेऊन, मान खाली घालून तासन्‌तास विड्या वळतात. जिल्ह्याच्या उसाच्या पट्ट्यात तोडणी कामगार मोळी डोक्यावर घेऊन गाडी भरतात. आमच्या शाळेतील अनेक मुलांचे आईवडील अशाच श्रमांवर संसार चालवितात. त्यामुळे कंबर, मान व गुडघे यांची दुखणी या घरांना नवीन नाहीत. दुखणे उठले की ‘लचक भरली’, ‘उसण भरली’ असे म्हणून पावले प्रथम हाडवैद्याकडे वळतात. मोठ्या शहरांतून आता ‘ऑस्टिओपॅथ’ अशाही पाट्या दिसतात, आणि मोबाईलवर मान कटकन मोडून दाखविणारी दृश्ये घरोघरी पाहिली जातात. म्हणून या विषयाची चार शब्दांत ओळख करून देणे आम्हांस अगत्याचे वाटते.

ऑस्टिओपथी ही उपचारपद्धती अमेरिकेतील डॉ. अँड्र्यू टेलर स्टिल यांनी 1874 साली मांडली. औषधाऐवजी हातांनी स्नायू दाबणे, ताणणे, सांधे हलविणे आणि कधी सांध्याला अचानक झटका देणे, हे तिचे मुख्य उपाय होत. झटक्याच्या वेळी येणारा आवाज म्हणजे सरकलेले हाड जागेवर बसल्याची खूण, असा सार्वत्रिक समज आहे. तो बरोबर नाही. सांध्यातील द्रवात वायूचा बुडबुडा होऊन तो आवाज येतो. आवाज आला म्हणून रोग गेला असे होत नाही, आणि आला नाही म्हणून उपचार फसला असेही नाही.

या उपचारांचा उपयोग कितपत होतो? साध्या कंबरदुखीत काही रुग्णांना त्याने आराम पडतो. तो बहुधा नियमित व्यायामाने मिळणाऱ्या आरामाइतकाच असतो. शिवाय साधी कंबरदुखी पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआपच ओसरते. दमा, मधुमेह, रक्तदाब यांसारखे विकार मणके दाबून बरे होतात, या दाव्याला मात्र पुरेसा आधार नाही.

तात्पर्य, हाताचा उपचार सर्वस्वी त्याज्य नाही. परंतु कोणत्या दुखण्यावर हात चालवावा आणि कोणत्यावर मुळीच चालवू नये, याचा निर्णय हात लागण्यापूर्वी झाला पाहिजे. पुढील चार प्रसंगी तो निर्णय अस्थिरोगतज्ज्ञाकडेच सोपवावा.

पहिला प्रसंग मुलांच्या पडण्याचा. झाडावरून अथवा खेळताना पडलेल्या लहान मुलाचे कोपराच्या वरचे हाड मोडणे ही नेहमीची दुखापत आहे. अशा हातावर चोळमोळ करून कामट्यांची घट्ट पट्टी बांधल्यास आतील सुजेमुळे रक्तप्रवाह कोंडतो. बोटे गार, फिकी किंवा निळसर होतात, बधिर होतात. ती सरळ करताच मूल किंचाळते. अशा वेळी पट्टी तत्काळ सोडवून मुलाला रुग्णालयात न्यावे. काही तासांचा विलंबही स्नायू मृत होण्यास पुरेसा असतो, आणि मग हात जन्माचा आखडतो. जर्मन शल्यविशारद रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी 1881 साली या आखडण्याचे वर्णन केले. त्यांच्याच नावाने ते आजही ओळखले जाते. एका एक्स-रेने व योग्य प्लास्टरने जो हात वाचतो, तो घट्ट पट्टीने गमवावा, यासारखे दुःख नाही.

दुसरा प्रसंग मणक्याच्या क्षयाचा. क्षय केवळ फुफ्फुसांचा नसतो. पाठदुखीबरोबर संध्याकाळचा बारीक ताप, वजनातील घट, रात्री झोपमोड करणारी वेदना किंवा पाठीवर आलेला उंचवटा असेल, तर मालीश व झटके कटाक्षाने टाळावेत. पोखरलेला मणका दाबल्यास मज्जारज्जूला इजा होऊन पाय लुळे पडू शकतात. क्षयाचे निदान व औषधे शासकीय रुग्णालयांत विनामूल्य मिळतात, आणि वेळेवर व पूर्ण घेतल्यास रोग बरा होतो.

तिसरा प्रसंग: कंबरदुखीसह लघवी अडणे किंवा नकळत होणे, शौचावरील ताबा सुटणे, मांड्यांच्या आतील भाग बधिर होणे, पायांतील शक्ती कमी होणे. ही तातडीच्या शस्त्रक्रियेची लक्षणे असू शकतात; एक रात्रही वाट पाहू नये.

चौथा प्रसंग मानेचा. मानेला दिलेल्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणे विरळ, पण खरी आहेत. घेरी, दुहेरी दिसणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे असतील तर मानेला हात लावू देऊ नये. उपचारानंतर ती उद्भवल्यास थेट रुग्णालय गाठावे.

आता उपचारकाविषयी. ‘ऑस्टिओपॅथ’ या शब्दाचा अर्थ देशागणिक बदलतो. अमेरिकेत या शाखेचे पदवीधर शस्त्रक्रियेपर्यंत सर्व अधिकार असलेले डॉक्टर असतात. ब्रिटनमध्ये 1993 च्या कायद्यानुसार नोंदणी केल्यावाचून ही उपाधी लावता येत नाही. म्हणून केवळ पाटी वाचून विश्वास ठेवू नये. आपण कोणत्या महाविद्यालयातून, किती वर्षांचे शिक्षण घेतले, आपली नोंदणी कोणत्या परिषदेकडे आहे, हे नम्रपणे विचारावे. महाराष्ट्रात ॲलोपॅथी व आयुर्वेदाच्या डॉक्टरांसाठी स्वतंत्र परिषदा आहेत. भौतिकोपचारतज्ज्ञ, म्हणजे फिजिओथेरपिस्ट, यांच्यासाठीही 2002 च्या कायद्याने परिषद आहे. जाणकार उपचारकाला अशा प्रश्नाचा राग येत नाही.

आपणही काही लपवू नये. गरोदरपण, हाडांची ठिसूळता, पूर्वीचा कर्करोग, रक्त पातळ करणाऱ्या किंवा स्टेरॉइडच्या गोळ्या, जुनी शस्त्रक्रिया हे सर्व आधी सांगावे. पाळी गेलेल्या स्त्रियांची हाडे ठिसूळ झालेली असू शकतात; त्यांनी जोराच्या झटक्यांपासून दूरच राहावे. काय करणार, का करणार व त्यात धोका कोणता, हे समजून घेतल्यावरच संमती द्यावी, आणि नकोसे वाटल्यास मध्येच थांबविण्यास सांगावे. तो रुग्णाचा अधिकार आहे. स्त्रिया व मुले यांच्यासोबत घरचे माणूस असावे. उपचारानंतर एक-दोन दिवस अंग दुखणे संभवते. वेदना वाढत गेली किंवा मुंग्या आल्या तर पुन्हा तेथेच न जाता डॉक्टरांना दाखवावे. चार-सहा बैठकांनंतरही फरक नसल्यास पैसा व वेळ घालवीत राहू नये.

सोलापुरात 1963 साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याच्याशी संलग्न सिव्हिल हॉस्पिटलात अस्थिरोग विभागाची सोय अल्प खर्चात उपलब्ध आहे. दुखण्याचे निदान तेथे करून घ्यावे आणि मग व्यायाम, भौतिकोपचार अथवा हाताचे उपचार यांचा विचार करावा. हा क्रम उलटा होऊ देऊ नये.

हे पान आमच्या विद्यार्थ्यांनी सुटीत घरी आजी-आजोबांना, आईवडिलांना वाचून दाखवावे, जेथे मराठी वाचली जात नाही त्या शेजारघरी तेलुगू वा कन्नडमध्ये सांगावे, ही आमची विनंती आहे. एका जरी मुलाचा हात वेळीच सुटलेल्या पट्टीमुळे वाचला, तरी या लेखनाचे श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू.