एक्सप्लेनर : मालक पटला नाही, चाहत्यांनी स्वतःचाच क्लब काढला!

'नॉन-लीग' म्हणजे काय?
इंग्लंडमध्ये वरच्या चार स्तरांत ९२ क्लब खेळतात. त्याखालचं सगळं फुटबॉल 'नॉन-लीग'.

क्लब का काढला?
२००५ मध्ये अमेरिकेच्या ग्लेझर कुटुंबानं मँचेस्टर युनायटेड विकत घेतला. खरेदीच्या कर्जाचा मोठा बोजा क्लबवरच पडला. चिडलेल्या चाहत्यांनी 'एफसी युनायटेड ऑफ मँचेस्टर' स्थापन करून थेट दहाव्या स्तरापासून सुरुवात केली.

कारभार कसा चालतो?
पैसे कितीही घाला, मत एकच. संचालक मंडळही सभासदच निवडतात.

मिळालं काय?
पहिल्या तिन्ही हंगामांत बढती. दहा वर्षं भाड्याच्या मैदानांवर काढल्यावर २०१५ मध्ये ब्रॉडहर्स्ट पार्क उभं राहिलं.

अडचण कुठे?
तोटा भरून काढणारा धनाढ्य मालक नाही. तिकिटं, वर्गणी आणि स्वयंसेवकांवरच भिस्त. पण सभासदांना न विचारता हा क्लब कुणी विकूही शकत नाही.