मुदत मागितली, माफी मिळाली

ख्रिस्ती धर्मातील देवाच्या क्षमेचा विषय निघाला की दोन मते हमखास ऐकू येतात. एक : ‘कबुली दिली की पाप धुतले, सोयच झाली.’ दुसरे : ‘देव प्रेमळ आहे, मग हिशेब कसला?’ मी धर्मशास्त्राचा पदवीधर नाही. शब्दकोश शेजारी ठेवून शुभवर्तमाने वाचणारा एक वाचक आहे. या वाचनात मला दिसले ते असे की, क्षमेबद्दल सांगताना येशू अनेकदा हिशेबाचीच भाषा वापरतो.

आधी शब्द पाहू. मत्तयकृत शुभवर्तमानातील ‘प्रभूच्या प्रार्थने’त क्षमा मागितली आहे ती ‘ओफेइलेमाता’ची, म्हणजे देण्यांची. प्रचलित मराठी भाषांतरातही तिथे ‘ऋण’ हाच शब्द आहे. लूकच्या शुभवर्तमानात त्याच जागी ‘पापे’ असा शब्द येतो. येशूच्या अरामी बोलीत ‘होबा’ या एकाच शब्दाला कर्ज आणि पाप असे दोन्ही अर्थ होते, हे कळले की हा फरक उलगडतो. क्षमा करणे यासाठीचे ग्रीक क्रियापद ‘अफिएमी’. त्याचा मूळ अर्थ सोडून देणे. आपल्या परंपरेत देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फेडायची ऋणे आहेत. इथे प्रार्थना आहे ती ऋण सोडण्याची.

मत्तयच्या 18व्या अध्यायात पेत्र विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करावी? सात वेळा? उत्तरादाखल येशू एक दृष्टान्त सांगतो. एका सेवकाकडे राजाचे 10,000 टॅलेंट येणे असतात. टॅलेंट हे त्या काळचे सर्वांत मोठे परिमाण, सुमारे 6,000 दिनारांचे; आणि दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे कर्ज झाले 6 कोटी दिवसांच्या मजुरीचे. वर्षाला 300 दिवस काम धरले तर 2 लाख वर्षे! इतिहासकार जोसेफसच्या नोंदीप्रमाणे गालील आणि पेरिया या प्रांतांतून हेरोद अंतिपासला वर्षाला 200 टॅलेंट महसूल मिळे. त्या हिशेबाने हे कर्ज त्याच्या 50 वर्षांच्या महसुलाइतके होते. आकडा मुद्दाम अशक्य ठेवलेला आहे.

सेवक पाया पडून मागतो ती मुदत : ‘थांबा, सगळे फेडतो.’ राजा मुदत देत नाही, कर्जच सोडतो. मागणाऱ्याच्या कल्पनेपलीकडे देणे, हेच या प्रेमाचे अमर्यादपण. पण सोडलेले कर्ज हवेत विरत नाही. तो तोटा राजाची तिजोरी सोसते. ख्रिस्ती श्रद्धा क्रूसाकडे याच नजरेने पाहते. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तर कर्जखत क्रूसाला खिळून टाकल्याचे रूपक आहे. क्षमा फुकट मिळते, पण ती देणाऱ्याला फुकट पडत नाही.

पुढचा भाग कठोर आहे. बाहेर पडताच तोच सेवक 100 दिनारांसाठी सोबत्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. हे कळल्यावर राजा त्याला शिक्षेसाठी हवाली करतो. मग प्रेम अमर्याद कुठे राहिले? मला वाटते, राजाने खाते मिटवले, पण सेवकाच्या मनातली वही उघडीच राहिली. माफी मिळूनही तो मुदतीच्याच जगात जगत होता. आणि एक गोष्ट नोंदवायला हवी : 100 दिनार म्हणजे 100 दिवसांचा घाम. दृष्टान्त त्या येण्याला क्षुल्लक म्हणत नाही. दुखावलेल्या माणसाला ‘एवढ्याशा गोष्टीचे काय, विसरून जा’ असे सांगणाऱ्यांना इथे आधार सापडत नाही.

उलट बाजू दिसते ती लूकच्या 19व्या अध्यायातील जक्कयात. तो यरीहोचा मुख्य जकातदार, लोकांच्या तिरस्काराचा धनी. येशू कोणतीही अट न घालता त्याच्या घरी उतरतो. जक्कय बोलतो ते त्यानंतर : अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याला लुबाडले असेल त्याला चौपट परत. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रेम आधी आले, परतफेड मागून आली. ती परतफेड देवाला नव्हे, फसवलेल्या माणसांना होती.

म्हणून ‘सोयच झाली’ हे मत टिकत नाही, आणि ‘हिशेब कसला’ हेही नाही. देवाकडचे ऋण सुटते; शेजाऱ्याचे बुडवलेले पैसे मात्र जक्कयाला स्वतःच्या हाताने मोजून द्यावे लागले.