चौदा रुपये, एक लंगडी गाय आणि पुष्कळ बाण

कागद-पेन्सिल घेऊन बसा बरं. आज आपल्याला एक गाव कागदावर उतरवायचंय. डोंगरामागून उगवणारा सूर्य आणि शेजारी नारळाचं झाड असलं नेहमीचं चित्र नको. नुसते गोल आणि बाण!

गावाचं नाव आनंदवन. नागपूरहून चंद्रपूरकडे निघालं की वाटेत वरोरा लागतं आणि वरोऱ्याला लागूनच हे आनंदवन. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजे आपले बाबा आमटे, वरोऱ्यात वकिली करायचे. कुष्ठरुग्णांसाठी काम करायचं ठरवल्यावर ते थेट कलकत्त्याला जाऊन या रोगावरचे उपचार शिकून आले. १९५१ साली बाबा, त्यांच्या पत्नी साधनाताई, विकास आणि प्रकाश ही त्यांची दोन चिमुकली मुलं आणि सहा रुग्ण वरोऱ्याजवळच्या पन्नास एकर खडकाळ माळावर राहायला गेले. सोबत एक लंगडी गाय, एक कुत्रा आणि खिशात चौदा रुपये. साप-विंचू भरपूर. पाण्याचा मात्र थेंब नाही!

आता सांगा, कागदावर पहिला गोल कशाभोवती काढाल?

घाई नको. भले भले इथेच चुकतात. कारखाना असो, रेल्वेचं आरक्षण असो की दवाखाना, कुठलीही व्यवस्था नव्याने उभी करायची तर आधी ती नीट समजून घ्यावी लागते. कोण माणसं आहेत, त्यांना काय हवंय, काय आत येतं, त्याचं काय होतं, काय बाहेर जातं आणि गाडी नेमकी कुठे अडते? हे शोधण्याला म्हणतात सिस्टम अ‍ॅनालिसिस, म्हणजे प्रणालीचं विश्लेषण. मग येतं डिझाइन, म्हणजे नवी रचना ठरवणं. आणि या सगळ्यात पहिला प्रश्न असतो सीमेचा. आपण विचार करतोय तो नेमका कशाचा? गोलाच्या आत काय आणि बाहेर काय?

समजा, तुम्ही गोल काढलात एका रुग्णाच्या शरीराभोवती. आत काय दिसेल? एक जंतू. नॉर्वेच्या डॉक्टर हॅन्सेन यांनी तो १८७३ साली शोधला. हा जंतू हातापायांच्या नसांवर हल्ला करतो, त्यामुळे तिथली जाणीव जाते. चटका बसला तरी कळत नाही, काटा रुतला तरी कळत नाही. मग जखमा होतात आणि चिघळतात. १९५१ मध्ये या जंतूवर डॅप्सोन नावाचं औषध आलेलं होतं. म्हणजे उत्तर सोपं: औषध द्या आणि घरी पाठवा.

पण घरी कोण घेत होतं? बऱ्या झालेल्या माणसालाही गावात कुणी काम देत नसे, विहिरीवर येऊ देत नसे. म्हणजे शरीराभोवती काढलेला गोल लहानच पडला की! बाबांनी गोल मोठा केला. त्यात औषध तर होतंच, पण काम होतं, कमाई होती, घर होतं, शेजारी होते. गोल बदलला की प्रश्न बदलतो, आणि मग उत्तरही बदलतं. मला विचाराल तर आनंदवनातली सगळ्यात हुशारीची गोष्ट हीच.

आता बाण काढू. माळावर पहिलं मोठं काम झालं ते विहिरीचं. का? कारण पाण्यातून निघणारे बाण सगळीकडे जातात: माणसांकडे, गाईकडे, शेताकडे. ते अडलं की पुढचं सगळंच अडलं. विहिरीकडून शेताकडे बाण, शेताकडून स्वयंपाकघराकडे बाण, स्वयंपाकघराकडून माणसांकडे बाण. आणि माणसांकडून श्रमाचा बाण परत शेताकडे! गाई वाढल्या, गोबरगॅस आला, तसे आणखी बाण आले. गोठ्यातलं शेण गोबरगॅसच्या टाकीत, टाकीतला गॅस चुलीखाली आणि उरलेली मळी खत म्हणून पुन्हा शेतात.

असं चित्र काढताना एक गंमत होते. एखादा बाण कुठेच पोचत नाही, नुसता लोंबकळत राहतो. आपण त्याला कचरा म्हणतो! डॉ. विकास आमटे यांनी अशा लोंबकळणाऱ्या बाणांना घरं शोधून दिली. टाकाऊ प्लास्टिक आणि जुने टायर त्यांनी पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्यांत वापरले.

सगळेच बाण काही गोलाच्या आत मावत नाहीत. मीठ आनंदवनात पिकत नाही, ते बाहेरूनच येणार. आणि आतलं काही बाहेर विकलं नाही तर मिठाला पैसे कुठून येणार? इथे खरी पंचाईत झाली. शेत पिकलं, भाजी तरारली, पण कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी घ्यायला वरोऱ्यातले लोक सुरुवातीला तयार नव्हते. बाहेर जाणारा बाण सीमेवरच आपटला.

बाहेरून असा निरोप परत येतो ना, त्याला म्हणतात प्रतिसाद, म्हणजे फीडबॅक. तो गोड असेलच असं नाही. पण रचना करणाऱ्याला तो ऐकावाच लागतो, कारण अडचण कुठे आहे हे त्यातूनच कळतं. इथे भाजीत काहीच खोट नव्हती. लोकांच्या मनात भीती होती! मग उपाय भाजीवर करून काय उपयोग? पुढे १९५४ च्या सुमारास परदेशी स्वयंसेवक आनंदवनात आले. त्यांनी रुग्णांच्या सोबतीने बांधकाम केलं, तिथलंच अन्न खाल्लं. हे पाहून गावकऱ्यांची भीती हळूहळू ओसरू लागली. १९६४ साली तर आनंदवनात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झालं. ते उभारायला रुग्णांचेच हात लागले होते. ज्या सीमेवर भाजी अडली होती, तीच सीमा ओलांडून आता बाहेरची मुलंमुली रोज आत शिकायला येऊ लागली. बाण उलटा फिरला!

अशीच नीट समजून घेऊन केलेली आणखी एक रचना पाहायला आता जरा दूर जाऊ, इंग्लंडला. तिथे लायन्स नावाची चहा-केक विकणारी कंपनी होती. आनंदवन सुरू झालं त्याच १९५१ साली या कंपनीचा ‘लिओ’ नावाचा संगणक कामाला लागला. धंद्याच्या कामासाठी वापरलेला हा जगातला पहिला संगणक, आणि तो करत होता काय, तर बेकरीच्या मालाचा हिशोब! पुढे त्याच्याकडे चहाच्या दुकानांची मागणी नोंदवण्याचं काम आलं. रोज प्रत्येक दुकानाने पाव किती, केक किती, अशी लांबलचक यादी द्यायची? कंपनीच्या लोकांनी एक नामी युक्ती काढली. प्रत्येक दुकानाची नेहमीची मागणी लिओजवळ तयार ठेवायची आणि दुकानाने फक्त त्यातला बदल फोनवर कळवायचा. बदल नाही, तर नेहमीचाच माल पाठवायचा. यंत्र वेगवान होतं हे खरं, पण अर्धं काम वाचवलं ते माणसांच्या डोक्याने.

आता तुमची पाळी. शाळेतली दुपारची खिचडी घ्या. तांदूळ कुठून येतो, हजेरीचा आकडा स्वयंपाकघरात कोण पोचवतं, तो उशिरा पोचला तर काय होतं, उरलेली खिचडी कुठे जाते? गोल काढा, बाण काढा. स्वयंपाक करणाऱ्या मावशींशी बोलायला मात्र विसरू नका, कारण निम्मे बाण फक्त त्यांनाच ठाऊक असतात. आणि एखादा बाण लोंबकळताना सापडला, तर कागद घेऊन सरळ मुख्याध्यापकांकडे जा.