घरातील साहित्यवाचन आणि मुलांचे शिक्षण : सातारा व सांगली जिल्ह्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

शिक्षण म्हणजे शाळा, आणि शाळा म्हणजे पाठ्यपुस्तक व परीक्षा, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की घर हे शिक्षणाचे स्थान असू शकते याचा सहसा विचारच होत नाही. अलीकडे मात्र सुशिक्षित पालकांचा एक लहानसा वर्ग मुलांना शाळेत न पाठविता घरीच शिकविण्याकडे वळलेला दिसतो. या पालकांपैकी काही जण पाठ्यपुस्तकांऐवजी उत्तम साहित्यालाच शिक्षणाचा पाया मानतात. या विचाराचे समर्थन बहुधा इंग्लंड-अमेरिकेतील उदाहरणांनी केले जाते. वास्तविक सातारा व सांगली या दोन जिल्ह्यांच्या इतिहासात घरातील साहित्याने मुले घडविल्याचे ठळक दाखले आहेत. त्यांच्या आधारे घरातील साहित्यशिक्षणाचे लाभ कोणते, ते कशामुळे मिळतात आणि त्यांच्या मर्यादा काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

सातारा : वाचणारे मूल आणि ऐकणारे घर

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत दाखल झाले. हीच शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाऊ लागली. या शाळेत बाल भीमरावांना इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या गोणपाटावर बसावे लागे. शिपायाने वरून ओतल्याशिवाय त्यांना पाणीही मिळत नसे. अक्षरे शाळा शिकवीत होती, पण स्वतःविषयी कमीपणाची भावनाही तीच शिकवीत होती.

घरातले शिक्षण याहून निराळे होते. वडील सुभेदार रामजी सकपाळ हे कबीरपंथी. सैन्यातील शाळेत त्यांनी अनेक वर्षे शिक्षकाचे काम केलेले होते. बहिणींना आणि कथा ऐकण्यासाठी घरी जमणाऱ्या मंडळींना रामायण-महाभारतातील भाग वाचून दाखविण्याचे काम ते आपल्या मुलांवर सोपवीत. हा क्रम बरीच वर्षे चालला, असे बाबासाहेबांनीच ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात नमूद केले आहे. येथे वाचणारे मूल आहे आणि ऐकणारी मोठी माणसे आहेत, ही बाब लक्षणीय आहे. शाळेत ज्याचा स्पर्शही वर्ज्य मानला जाई, त्याच्या तोंडून घर आणि शेजार आदराने ग्रंथ ऐकत होता.

त्याच प्रास्ताविकात एक संवाद आला आहे. हे ग्रंथ आपण का वाचायचे, असे मुलाने वडिलांना विचारले. द्रोण, कर्ण, वाल्मीकी अशा साध्या कुळातील माणसांनी केवढी उंची गाठली हे कळून मनातील न्यूनगंड जावा, असा वडिलांच्या उत्तराचा आशय होता. मुलाचे समाधान झाले नाही. भीष्म, द्रोण, कृष्ण ही पात्रे आपल्याला आवडत नाहीत, असे त्याने सांगून टाकले. पुढे कृष्णाजी अर्जुन केळूसकर यांनी भेट दिलेले बुद्धचरित्र हाती आले, तेव्हा आपण रिकाम्या मनाने बुद्धाकडे गेलो नव्हतो आणि तुलना करण्याची तयारी आधीच्या वाचनाने झाली होती, असे बाबासाहेब सांगतात. घरातील साहित्यशिक्षणाचा सर्वांत मोठा लाभ येथे हाती लागतो. मुलाला ग्रंथ मिळाला आणि त्याच ग्रंथाशी असहमत होण्याची मोकळीकही मिळाली. वडिलांनी अपेक्षिलेला निष्कर्ष मुलाने काढला नाही, तरीही ते शिक्षण यशस्वीच म्हणावे लागते.

या घराकडे पाहताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. एक म्हणजे, हे घर सुखवस्तू नव्हते. आई भीमाबाई १८९६ मध्ये साताऱ्यातच निवर्तल्या होत्या. वडील नोकरीसाठी दूर असताना मुले आत्याच्या आधाराने राहत. पुढे मुंबईत मुलाला हवे ते पुस्तक मिळावे म्हणून रामजींनी विवाहित मुलींकडून पैसे वा दागिने मागून आणल्याचे चरित्रकारांनी नोंदविले आहे. दुसरी म्हणजे, इतका अपमान सोसावा लागत असूनही रामजींनी मुलाला शाळेतून काढले नाही. घर शाळेच्या जागी आले नाही. शाळेने केलेली जखम मात्र ते भरून काढीत राहिले.

याआधीचे एक उदाहरणही याच जिल्ह्याशी निगडित आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगाव येथे जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांना आरंभीचे शिक्षण विवाहानंतर जोतीरावांनी घरीच दिले. मुलींना शाळाच नव्हती, तेव्हा घर हीच शाळा झाली. आणि त्या घरातूनच १८४८ मध्ये पुण्यात मुलींची शाळा निघाली.

सांगली : ओवी, बोली आणि ग्रंथ

माणदेशातील माडगूळ हे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील गाव पूर्वी औंध संस्थानात होते. या दुष्काळी मुलखातील एकाच घरातून ग. दि. आणि व्यंकटेश माडगूळकर हे दोन लेखक निर्माण झाले. मॅट्रिकची पायरी दोघांनाही ओलांडता आली नाही. थोरल्याला गणित नडले, तर धाकट्याचे शिक्षण १९४२ च्या आंदोलनात सुटले. आई बनूताई यांच्या तोंडच्या ओव्या, गावातील कीर्तने आणि भजने हे त्यांचे पहिले साहित्य होय. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून सुरू झालेल्या ‘गीतरामायणा’मागे ऐकून मुरलेल्या शब्दांची ही पुंजी होती. व्यंकटेश माडगूळकर इंग्रजी कथा-कादंबऱ्या वाचण्यासाठी ती भाषा स्वप्रयत्नाने शिकले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या ‘बनगरवाडी’त त्यांनी धनगरवस्तीवर शाळा चालविणारा एक तरुण शिक्षक रंगविला, हा योगायोग मोठा बोलका आहे.

या भागातील मुलांच्या दृष्टीने येथे एक भाषिक प्रश्न उद्भवतो. घरात ‘हाय’, ‘न्हाई’ म्हणणारे मूल पहिलीच्या वर्गात बसते, तेव्हा पुस्तकातील ‘आहे’, ‘नाही’ त्याला परक्या घरासारखे वाटते. वाचता येण्यापूर्वी ज्याने ग्रंथाची भाषा कानांनी पुष्कळ ऐकली आहे, त्याचा हा संकोच लवकर सुटतो. लांब वाक्याचा डौल, क्रियापद येईपर्यंत अर्थ धरून ठेवण्याची सवय, न समजलेल्या शब्दाचा संदर्भाने लावलेला अंदाज, ही सर्व कौशल्ये ऐकण्यातून येतात. चाळीस मुलांच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येक शब्दापाशी थांबता येत नाही. घरी मात्र थांबता येते, मागे जाता येते, तेच पान चौथ्यांदा वाचता येते. शिवाय चांगल्या साहित्यातून बोलीची लाज वाटण्याचेही कारण उरत नाही, कारण माडगूळकरांच्या पानांवर ती सन्मानाने वावरते.

इंग्लंडमधील शिक्षणतज्ज्ञ शार्लट मेसन (१८४२–१९२३) यांनी घरगुती शिक्षणासाठी एक साधी रीत सांगितली होती. उताऱ्यांचे व सारांशांचे पुस्तक देऊ नये, मूळ लेखकाचे जिवंत पुस्तक एकदाच लक्षपूर्वक वाचून दाखवावे आणि नंतर मुलाने ते स्वतःच्या शब्दांत परत सांगावे. कीर्तन ऐकून आल्यावर घरी आख्यान सांगणाऱ्या आजीला ही पद्धत नवी वाटली नसती. सांगितलेले परत सांगताना मूल निवड करते, क्रम लावते, काही गाळते. प्रश्नोत्तरांच्या स्वाध्यायात या निवडीला वावच राहत नाही.

मात्र घरात सर्व काही मिळते असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. वाळवे तालुक्यातील वाटेगावचे अण्णा भाऊ साठे यांना शाळा जवळजवळ लाभलीच नाही आणि घरात ग्रंथही नव्हते. तमाशा-पोवाड्यांची मौखिक परंपरा त्यांना मिळाली, परंतु अक्षरओळख त्यांना मुंबईत स्वकष्टाने करून घ्यावी लागली. ‘फकिरा’ (१९५९) लिहिणाऱ्या प्रतिभेचा दाखला देऊन शाळेचे महत्त्व कमी लेखणे हा त्यांच्यावर अन्यायच होय. एक अण्णा भाऊ घडले, त्याच परिस्थितीत किती मुले निरक्षर राहिली याची मोजदाद कोणी केलेली नाही.

कायदा आणि पुस्तकांची उपलब्धता

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार ६ ते १४ वयाच्या पाल्याला जवळच्या शाळेत दाखल करणे हे पालकांचे कर्तव्य आहे. गृहशिक्षणाचा या कायद्यात स्वतंत्र उल्लेख नाही आणि पालकांसाठी शिक्षाही सांगितलेली नाही. घरी शिकणाऱ्या मुलांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेच्या तिसरी, पाचवी व आठवीशी समकक्ष परीक्षांचा आणि पुढे दहावीच्या परीक्षेचा मार्ग आहे. बहुसंख्य पालकांच्या दृष्टीने मात्र प्रश्न शाळा सोडण्याचा नसून संध्याकाळच्या अर्ध्या तासाचा आहे.

त्या अर्ध्या तासासाठी पुस्तक हवे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघत आहे आणि त्याचे जुने अंक आता संगणकावर विनामूल्य वाचता येतात. महाबळेश्वर तालुक्यातील भिलार येथे ४ मे २०१७ रोजी राज्य शासनाने ‘पुस्तकांचे गाव’ सुरू केले. वेल्समधील हे-ऑन-वाय या गावावरून ही कल्पना सुचली. तेथे पुस्तकांची दुकाने आहेत, येथे मात्र ग्रामस्थांच्या राहत्या घरांतच पुस्तके ठेवली आहेत आणि कोणीही तेथे बसून ती विनामूल्य वाचू शकतो. आरंभी पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके होती आणि बालसाहित्याला त्यांत स्वतंत्र स्थान होते. पुढे सांगली जिल्ह्यातील अंकलखोप या गावाचीही याच योजनेत निवड झाली. पर्यटक या योजनेचे कौतुक करतात, पण तिचे खरे मोजमाप त्या घरांत वाढणाऱ्या मुलांवरून करावयास हवे.

याच दोन जिल्ह्यांत दर वर्षी दिवाळीच्या सुमारास बीड व आसपासच्या भागांतून ऊसतोड कामगारांची कुटुंबे येतात आणि गळीत हंगाम संपेपर्यंत कारखान्यांच्या परिसरात कोपी घालून राहतात. त्यांच्याबरोबरची मुले गावाकडील शाळेपासून तुटतात आणि जवळच्या शाळेत रुळेपर्यंत हंगाम संपतो. पहाटे फडावर गेलेले आई-वडील रात्री परतल्यावर वाचून दाखवतील ही अपेक्षा व्यर्थ आहे, आणि पुष्कळ वेळा त्यांना वाचताही येत नाही. परंतु रामजींच्या घरात वाचणारे मूलच होते. कोपीतील चौथी-पाचवीच्या मुलाच्या हाती पुस्तकांची एक पेटी हंगामभर राहिली, तर धाकट्या भावंडांना ऐकविण्याचे काम ते करू शकते. ही पेटी गावोगावच्या अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांनी पुरवावी, की कारखान्यांनी, हे ठरविणे फारसे अवघड नाही. हंगाम सुरू होण्यापूर्वी ते ठरावयास हवे.