शंभर दाण्यांची साक्ष



पावसाळ्याच्या तोंडावर आरमोरीच्या एखाद्या कास्तकारापुढें धानाच्या बियाण्याचें पोतें असतें, आणि त्यांतला किती दाणा उगवेल ही चिंता त्याच्या मनांत असते. पऱ्हे विरळ आले तर रोवणीच्या वेळीं बांध्या ओस राहतात, आणि हंगाम कोणासाठीं थांबत नाहीं. या चिंतेचें उत्तर पोत्याकडे पाहून मिळत नाहीं. तें मोजून मिळतें.

पोत्याच्या वरच्या, मधल्या व तळच्या भागांतून मिळून शंभर दाणे घ्यावे, ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, आणि कांहीं दिवसांनीं मोड आलेले मोजावे. समजा, ८२ उगवले. या संख्येस शंभरांनीं भागलें असतां ०.८२ हा अंक येतो. कोणताही एक दाणा उगवण्याची संभाव्यता ती एवढी, असा आपला अंदाज. प्रमाणित धान बियाण्यास किमान ८० टक्के उगवण लागते. मग हें पोतें उत्तीर्ण झालें काय?

घाई नको. दुसरे शंभर दाणे घेतले तर ७८ उगवतील किंवा ८६ ही उगवतील. गणित असें सांगतें कीं, अशा कसोटींत सुमारें ८ टक्क्यांचा फरक दोन्ही बाजूंस सहज संभवतो. दाणे ४०० घेतले तर तो निम्म्यावर येतो. चौपट श्रम करावे तेव्हां चूक निम्मी होते, असा हा सौदा आहे. बीजपरीक्षणाच्या प्रयोगशाळांत ४०० दाणे मोजण्याचा प्रघात आहे. ज्यास तें शक्य नाहीं त्यानें ७४ चाच हिशेब धरून बीं थोडें अधिक टाकावें.

दुसऱ्या महायुद्धांत डेन्मार्कमध्यें स्थानबद्ध असलेल्या जॉन केरिच या गणितज्ञानें नाणें १०,००० वेळां उडविलें. ५,०६७ वेळां छापा पडला. मोजणी वाढते तसें प्रमाण स्थिरावतें, तें असें.

उलट, दहाच दाणे घेतले आणि दहाही उगवले तर? एकही दाणा वाया जाणार नाहीं असें मानणें अविचाराचें होय. लाप्लास या फ्रेंच गणितज्ञाचा नियम असा कीं, यशांत १ व एकंदर संख्येंत २ मिळवावे. म्हणजे ११ भागिले १२, सुमारें ०.९२.

शेवटीं एक इशारा. मोजणी ज्या परिस्थितींत झाली, त्या परिस्थितीपुरतीच ती साक्ष देते. वैनगंगेच्या जुन्या पुरांची गणना करणाऱ्यानें विसरूं नये कीं, आतां वरच्या अंगास भंडारा जिल्ह्यांत गोसेखुर्दचें धरण उभें आहे. तद्वत् गतवर्षींच्या बियाण्याची कसोटी यंदाच्या बियाण्यास लागू पडत नाहीं. पोतें नवें, तर मोजणीही नवी.