कालवांचें माहेर

रसायनी हें समुद्रकांठचें गांव नव्हे. खालापूर तालुक्यांतील या वसाहतीस नांवच मुळीं रसायनांच्या कारखान्यांवरून मिळालें आहे, आणि समुद्राची गाज तेथें ऐकूं येत नाहीं. मग कालवें आणि तिसऱ्या यांच्या गोष्टीस आरंभ करण्यास हेंच ठिकाण कां निवडावें, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनांत येईल. त्याचें उत्तर गांवाच्या कडेनें वाहणाऱ्या पाताळगंगेपाशीं आहे. खोपोलीस १९१५ सालीं टाटांचें वीजगृह सुरू झालें, आणि घाटमाथ्यावरील तलावांचें पाणी यंत्रें फिरवून या नदींत उतरूं लागलें. रसायनीवरून ती खारपाड्याकडे जाते, पुढें धरमतरच्या खाडीस मिळते आणि अखेर समुद्रास भेटते. रसायनीस जें पाणी नदींत सोडलें जातें, तें कधीं ना कधीं खाडीच्या मुखाकडे जावयाचेंच.

या मुखाकडील खडकांवर कालवें चिकटलेलीं असतात, आणि चिखलवाळूंत तिसऱ्या स्वतःस पुरून घेतात. ओहोटी लागली, कीं आगरी-कोळी समाजांतील स्त्रिया पाटी आणि लोखंडी हत्यार घेऊन बाहेर पडतात. बाजारांत वाट्यांनीं विकलें जाणारें हें खाद्य पुष्कळ घरांत आवडीनें शिजतें. तें असेंच पुढेंही मिळत राहील काय, हा आजचा विषय आहे.

कालव एकदां खडकास चिकटलें, कीं जन्मभर तेथून हलत नाहीं. मग त्याची प्रजा दुसऱ्या खडकावर पोहोंचते कशी? उत्तर असें, कीं प्रवास करावयाचा तो बालपणींच. खडकावरील कालवाची मादी लाखों अंडीं पाण्यांत सोडते, नरही आपलें बीज पाण्यांतच सोडतो, आणि दोहोंची गांठ पाण्यांतच पडते. त्यांतून निघालेलें पिलूं डोळ्यांस दिसणार नाहीं इतकें बारीक असतें. दोन-तीन आठवडे तें भरती-ओहोटीच्या प्रवाहाबरोबर तरंगत राहतें. बहुतेक पिलें या काळांत मरतात किंवा माशांच्या पोटांत जातात. उरतात त्यांतलीं कांहीं कठीण पृष्ठभाग शोधून कायमचीं बसतात, आणि विशेष गोष्ट ही, कीं कालवाच्या जुन्या शिंपल्यावर बसणें त्यांस फार रुचतें.

आपल्याकडील मुलीचें माहेर एका गांवीं आणि सासर दुसऱ्या गांवीं असतें, तसाच हा प्रकार आहे. एका खडकावरील कालवांचें माहेर कदाचित् कित्येक कोस दूर असेल. कांहीं खडक असे असतात, कीं तेथील प्रजा प्रवाहाबरोबर चोहोंकडे जाते. कांहींचें काम केवळ आलेल्यांस आसरा देणें एवढेंच. आणि कांहीं आपली प्रजा आपल्याच खाडींत राखतात. कोणतें पिलूं कोठून आलें, हें शास्त्रज्ञ आतां त्यांच्या अनुवंशिक द्रव्यावरून, शिंपल्यांत सांठलेल्या सूक्ष्म धातूंवरून आणि प्रवाहांच्या गणितावरून ताडूं शकतात.

यावरून एक महत्त्वाचा सिद्धांत निघतो. माहेरचा खडक खरवडून रिकामा केला, तर ज्या खडकास कोणीं हातही लावला नाहीं तोही कांहीं वर्षांनीं ओस पडूं लागतो. शिवाय संख्या विरळ झाली, तर पाण्यांत सोडलेल्या अंड्याबीजांची गांठच पडत नाहीं. म्हणजे शेवटचें कालव संपण्याच्या पुष्कळ आधींच वंश खुंटतो.

हा धडा जगास नवा नाहीं. १८७७ सालीं कार्ल मोबियस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञानें उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावरील कालवांचा अभ्यास करून लिहिलें, कीं कालवांचा थर हा नुसता ढीग नव्हे, तर परस्परांवर अवलंबून असलेल्या जीवांचा समाज आहे; प्रमाणाबाहेर काढणी झाल्यास तो मोडतो. पुढें त्या किनाऱ्यावरील देशी कालवें खरोखरच नाहींशीं झालीं.

उलट उदाहरण आपल्याच देशांत आहे. केरळांतील अष्टमुडी सरोवरांत आपल्या तिसऱ्यांच्या कुळांतलीच एक शिंपली मिळते. परदेशीं मागणी वाढली, काढणी वाढली, आणि १९९० नंतरच्या कांहीं वर्षांत उत्पन्न एकाएकीं घसरलें. तेव्हां तेथील लोकांनीं शास्त्रज्ञांच्या सल्ल्यानें डिसेंबर ते फेब्रुवारी हा प्रजननाचा काळ बंद ठेवला आणि लहान पिलें निसटून जावीं म्हणून जाळ्याच्या छिद्रांस ३० मिलिमीटरची मर्यादा घातली. उत्पन्न सांवरलें, आणि २०१४ सालीं या मासेमारीस टिकाऊ काढणीचें आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालें. तसें प्रमाणपत्र भारतांत प्रथम तिलाच मिळालें.

आमच्या खाड्यांचें काय? पावसाळ्यांतील मासेमारीबंदी यांत्रिक नौकांपुरती आहे. खडकावरील हातकाढणीचें नियमन गांवानेंच करावयाचें आहे. परंतु एका गांवानें आपला खडक राखला आणि शेजारच्यानें माहेर उजाड केलें, तर पहिल्याचे श्रम फुकट जातात. म्हणून खाडीकांठच्या सर्व गांवांनीं मिळून कांहीं खडक आळीपाळीनें मोकळे सोडणें, हाच खरा उपाय होय. रिकाम्या शिंपल्यांपैकीं कांहीं चुन्याच्या भट्टीस न देतां पुन्हा खडकाजवळ टाकल्या, तर पिलांना बसावयास जागा मिळेल.

यांत दोष काढणाऱ्या बाईस देऊन चालणार नाहीं. तिची चूल त्या दिवसाच्या पाटीवर पेटते. खडक एक हंगाम मोकळा सोडावयाचा, तर त्या काळांत तिला दुसरी मिळकत हवी. ग्राहकाचा वाटाही लहान नाहीं. नखाएवढ्या कोवळ्या तिसऱ्यांचा वाटा आपण घेतला नाहीं, तर त्या काढण्याचें कारणच उरणार नाहीं.

आणि आतां पुन्हा रसायनीकडे वळूं. हे जीव पाणी गाळून त्यांतील कण खातात. त्या पाण्यांत विषारी धातु असले, तर तेही त्यांच्या मांसांत सांठतात. नदीकांठचा कारखाना आणि खाडीमुखाचा खडक यांच्यामध्यें नकाशावर मोठें अंतर दिसतें, पण पाण्याच्या हिशेबीं ते एकाच घरांतले शेजारी आहेत. माहेरची वाट मोकळी आणि स्वच्छ राहिली, तरच सासरचें घर भरलेलें राहील.