दिल्लीच्या मोबाईल मेळाव्याला जाताना गडचिरोलीतून काय न्यायचं?

या भागाची सुरुवात एका व्हॉइस मेसेजपासून. अहेरीकडच्या एका श्रोत्यानं विचारलंय, "दादा, दिल्लीत ते इंडिया मोबाईल काँग्रेस भरते म्हणतात. मित्र चाल म्हणून राहिले. पण आपल्या गावात धड रेंज नाही, मंग तिथं जाऊन आपण का करावं?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. रेंज नाही, म्हणूनच जावं. पण नुसतं फिरायला, सेल्फी काढायला आणि फुकटच्या पिशव्या गोळा करायला जायचं असेल तर तेवढ्यासाठी तिकिटाचे पैसे घालवू नका. तयारी करून जा. ती कशी करायची, ते आज बोलू.

हे आहे तरी काय?

इंडिया मोबाईल काँग्रेस २०१७ पासून भरते. केंद्राचा दूरसंचार विभाग आणि मोबाईल कंपन्यांची संघटना मिळून ती भरवतात. आपल्या देशात ५जी सुरू झालं ते १ ऑक्टोबर २०२२ ला, याच कार्यक्रमाच्या मंचावरून. गेली काही वर्षं ती ऑक्टोबरात होते. २०२४ ला भारत मंडपममध्ये होती, २०२५ ला ८ ते ११ ऑक्टोबर द्वारकेच्या यशोभूमीत. जागा आणि तारखा बदलतात, म्हणून अधिकृत वेबसाईट बघूनच ठरवा.

आत दोन गोष्टी चालतात. एक म्हणजे सभागृहातली भाषणं, दुसरं म्हणजे प्रदर्शन. आपल्यासाठी खरा माल प्रदर्शनात आहे. भाषण देणारा मंचावरून उतरून निघून जातो, पण स्टॉलवरचा इंजिनिअर दिवसभर तिथंच उभा असतो आणि त्याला बोलायला आवडतं.

पास आणि गाडी

अशा ठिकाणी पास वेगवेगळ्या प्रकारचे असतात. कोणत्या पासवर कुठल्या दिवशी, कुठल्या हॉलमध्ये जाता येतं, ते नीट वाचा. प्रदर्शन बघायचं असेल तर महागड्या पासची गरज आहे का, ते आधी तपासा. व्हॉट्सॲपवर कुणी पास विकत असेल तर त्याच्या नादी लागू नका. नोंदणी स्वतः करा, नाव ओळखपत्रावर आहे तसंच लिहा आणि पासची एक छापील प्रत खिशात ठेवा.

गाडीच्या बाबतीत आपण नशीबवान आहोत बरं का. बल्लारशाह दिल्ली-चेन्नईच्या मुख्य मार्गावर आहे. तेलंगणा एक्सप्रेस, तमिळनाडू एक्सप्रेस या गाड्या तिथं थांबतात आणि साधारण १८ ते २० तासांत दिल्ली गाठतात. गडचिरोलीहून आधी बसनं चंद्रपूर, मग बल्लारशाह. सिरोंच्याकडच्या मंडळींना नदीपलीकडचं मंचेरियाल जवळ पडतं, तेही याच मार्गावर आहे. भामरागड, एटापल्लीकडून येणाऱ्यांनी मात्र एक दिवस जादा धरा. आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं आणि ऑक्टोबर म्हणजे सणांची गर्दी, तेव्हा त्या दिवशी सकाळीच बसा. यशोभूमीला जायचं असेल तर नवी दिल्ली स्टेशनजवळून एअरपोर्ट एक्सप्रेस मेट्रो थेट तिथल्या स्टेशनपर्यंत जाते.

पास आणि गाडीचं एवढंच. खरी तयारी पुढं आहे.

आपल्याकडे टॉवर का कमी?

हे समजून घेतल्याशिवाय जाऊ नका. नाहीतर तिथं फक्त तक्रार कराल, आणि समोरचा "हो हो" म्हणून माहितीपत्रक हातात ठेवेल.

गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १० लाख ७२ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरला साधारण ७४ माणसं. महाराष्ट्राची सरासरी तेव्हा ३६५ होती. आता कंपनीच्या जागी उभं राहून बघा. टॉवरचा खर्च तेवढाच किंवा जास्त, आणि ग्राहक पाचव्या हिश्श्यानं. वर जंगल दाट, झाडं आणि डोंगर सिग्नल अडवतात. धंद्याच्या हिशेबात हे बसतच नाही.

म्हणून सरकारचा एक निधी आहे. आधी त्याला युनिव्हर्सल सर्व्हिस ऑब्लिगेशन फंड म्हणत, आता डिजिटल भारत निधी. दूरसंचार कंपन्या आपल्या महसुलातला ठरलेला हिस्सा यात भरतात. आणि तो महसूल कुठून येतो? तुमच्या-माझ्या रिचार्जमधून! म्हणजे टॉवर मागताना आपण उपकार मागत नाही, हे डोक्यात पक्कं ठेवा.

याच निधीतून नोव्हेंबर २०२१ मध्ये केंद्रानं ५ राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधल्या ७,२८७ गावांसाठी ४जीची योजना मंजूर केली. खर्चाचा अंदाज ६,४६६ कोटी रुपये. त्या ५ राज्यांत महाराष्ट्र आहे, आणि गडचिरोली आकांक्षित जिल्हा आहे. मग पहिला प्रश्न तयार झाला की नाही? "या योजनेतले माझ्या तालुक्यात किती टॉवर मंजूर झाले, आणि त्यातले आज किती चालू आहेत?"

"चालू" या शब्दावर जोर द्या. टॉवर उभा असणं वेगळं आणि चालू असणं वेगळं. टॉवरला दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे वीज. दुसरी म्हणजे तुमचा कॉल आणि डेटा पुढच्या जाळ्यात नेणारी जोडणी, तिला बॅकहॉल म्हणतात. ती फायबरनं असते, मायक्रोवेव्हनं असते किंवा उपग्रहानं. लाईन गेली की बॅटरी, बॅटरी संपली की डिझेल. आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, भामरागडचा रस्ता बंद झाला, तर डिझेल पोचवणार कोण? रस्त्याचं काम करताना जेसीबीनं फायबर तोडलं तरी तेच. टॉवर उभाच्या उभा, फोनमध्ये मात्र एक काडी नाही.

पुरावा सोबत न्या

जाण्याआधी दोन आठवडे हे काम करा. एक वही घ्या. दिवसातून तीनदा, ठरलेल्या चार जागी रेंज नोंदवा. घर, शाळा, आरोग्य उपकेंद्र आणि जिथं सगळे रेंज शोधत जातात ती टेकडी. नुसतं "दोन काड्या" लिहू नका. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंग्जमध्ये फोनच्या माहितीत सिम स्टेटस असतं, तिथं सिग्नलचा आकडा उणे चिन्हासह दिसतो. ४जीत उणे ८० म्हणजे छान, उणे ११० च्या खाली गेला की बोलणं मुश्कील. शेजारी लिहा, लाईन होती की नव्हती, पाऊस होता का.

दुसरं म्हणजे कंपनीच्या वेबसाईटवरचा कव्हरेज नकाशा बघा. ट्रायच्या नियमानं असे नकाशे आता कंपन्यांना दाखवावे लागतात. नकाशात तुमचं गाव रंगवलेलं आहे आणि तुमच्या वहीत उणे ११८ आहे, तर दोन्हींचे फोटो काढून ठेवा. यापेक्षा भारी व्हिजिटिंग कार्ड त्या अख्ख्या हॉलमध्ये कुणाकडे नसेल.

तिसरं, रेंज नसल्यानं अडतं काय? आशाताईंचा रुग्णवाहिकेला फोन, रेशन दुकानातलं मशीन, तेंदूपत्त्याचे पैसे बँकेत जमा झाल्याचा मेसेज, स्कॉलरशिपचा फॉर्म. गावातल्या तिघा-चौघांशी बोला आणि त्यांना विचारूनच लिहा.

हे सगळं एका पानात बसवा. फोनमध्ये पीडीएफ आणि सोबत दहा-पंधरा झेरॉक्स. तिथल्या गर्दीत नेट अडकलं तरी कागद अडकत नाही.

स्टॉलवर काय बोलायचं?

सगळे स्टॉल बघायच्या भानगडीत पडू नका, पाय दुखतील आणि हाती काही लागणार नाही. प्रदर्शकांची यादी आधी वाचा आणि सहा-सात निवडा. कोण काय करतं हे माहीत असलं की बोलणं सोपं जातं. उदाहरणार्थ, बीएसएनएलच्या स्वदेशी ४जीत कोअर सी-डॉटचं, रेडिओ तेजसचे आणि जोडणी टीसीएसची. मग बॅटरीचा प्रश्न सॉफ्टवेअरवाल्याला विचारायची पाळी येत नाही.

मी स्वतः तीन प्रश्नांवर भर देतो. लाईन गेल्यावर ही यंत्रणा किती तास चालते? बॅकहॉल तुटला तर दुसरी वाट आहे का? आणि बिघाड झाला तर दुरुस्त करणारा माणूस कुठं राहतो? तिसऱ्या प्रश्नावर चांगले चांगले थबकतात. तिथं थबकले की बसा, कारण खरं बोलणं तिथून सुरू होतं.

ओळख अर्ध्या मिनिटात करून द्या. "मागास भागातून आलोय" अशी सुरुवात अजिबात नको. "आमच्या चार जागांच्या दोन आठवड्यांच्या नोंदी माझ्याकडे आहेत" असं म्हणा. हिंदी चालते, इंग्रजी अडखळली तरी चालते, आकडे सगळ्यांना कळतात. माणसाचं नाव, काम आणि ईमेल तिथल्या तिथं वहीत लिहा.

परत आल्यावर

आठवड्याच्या आत प्रत्येकाला छोटा ईमेल करा, पान पुन्हा जोडा. मिळालेली उत्तरं ग्रामसभेत वाचून दाखवा. आपल्याकडच्या ग्रामसभांनी बांबू आणि तेंदूचे हिशेब स्वतः ठेवून दाखवलेत, टॉवरचा हिशेब ठेवणं त्याहून अवघड नाही. ग्रामसभेचा ठराव झाला की तो जिल्हाधिकारी कार्यालयात द्या आणि पोच घ्या. एकट्या पोराची तक्रार बाजूला सारता येते. नोंदी, कंपनीचा नकाशा आणि ठराव एकत्र आले की तसं करणं जड जातं.

आणि दिल्लीला जाणं जमलंच नाही, तरी वही सुरू करा. ती कुणाच्याही हाती पाठवता येते.

तुमच्या गावातला आकडा किती येतो, ते व्हॉइस मेसेजवर कळवा. टेकडीवर चढून पाठवावा लागला तर तेही सांगा! पुढच्या भागात भेटू. रामराम, जोहार.